ह्या हातानं

पप्पांच्या तेराव्याला जेवणं उरकली आणि काका आईजवळ येऊन बसले. पंगतीतली माणसं हात धुऊन पानसुपारीकडे वळली होती. काका हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. दादा मला सख्ख्यापेक्षा जास्त होता. पण रक्ताचं म्हणाल, तर तो आपल्या घरातला नव्हताच ना. पोरी उद्या लग्न होऊन जातील. जमीन घरात राहिलेली बरी."

आई काहीच बोलली नाही. मी तिच्या मागे उभी होते. मला आठवतंय, माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि तो कुठे ठेवायचा हे मला सुचत नव्हतं.

भिंतीला टेकून, बायकांच्या अगदी शेवटच्या रांगेत, दुधनीची आजी बसली होती. पप्पांना जन्म देणारी बाई. तिच्या घरी सुतक पाळायचं की नाही, यावर तेरा दिवसांपूर्वी फोनवरून चर्चा झाली होती. शेवटी ठरलं, की मूल दिलेलं आहे, त्यामुळे तिला सुतक नाही.

*

आमचं गाव अक्कलकोट तालुक्यातलं. घरात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलली जाते. आजीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे दुधनीच्या आजीला, चार मुलं होती. त्यातला तिसरा मुलगा अडीच वर्षांचा असताना तिने आपल्या अक्काच्या मांडीवर दिला. होम नाही, कागद नाही. मांडीवर बसवलं, तोंडात साखर घातली, नाव बदललं. साल १९६६.

त्यानंतर तीन वर्षांनी आजीला मुलगा झाला. ते काका.

पप्पा आजीला आई म्हणायचे आणि दुधनीच्या आजीला मावशी. माय मरो आणि मावशी उरो असं आपल्याकडे म्हणतात. पप्पांच्या बाबतीत कोण माय आणि कोण मावशी, हा प्रश्न लहानपणी मी त्यांना विचारला होता. ते सोलापुरात चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. वहीतून मान वर न करता म्हणाले, "मला दोन्ही पुरल्या."

आजोबांची नऊ एकर जमीन. ते गेल्यावर सातबाऱ्यावर पप्पा आणि काका अशी दोन नावं लागली. तेव्हा कुणी रक्ताचा विषय काढला नाही. पप्पा सोलापुरात नोकरीला, काका गावात. सगळी जमीन काकाच कसायचे आणि वर्षाला तूर-ज्वारीची पोती आमच्या घरी यायची. तीस वर्षं हे असंच चाललं. पप्पा गेले, मागे आई आणि आम्ही दोघी बहिणी उरलो, आणि तेराव्या दिवशी पप्पा घरातले नव्हते असं ठरू लागलं.

काकांना हक्कसोडपत्रावर आमच्या तिघींच्या सह्या हव्या होत्या. बदल्यात बहिणीच्या लग्नाचा खर्च ते करणार होते.

*

पुण्याला परत येताना मी बसमध्ये फोनवर 'दत्तक' हा शब्द शोधत होते. कायदा शोधायला गेले आणि अक्कलकोटच्या इतिहासात अडकले.

सोलापूरच्या मुलांची अक्कलकोटशी ओळख स्वामी समर्थांमुळे होते. वटवृक्षाचं देऊळ, अन्नछत्रातला प्रसाद, आणि शाळेची सहल असेल तर राजवाड्यातलं शस्त्रागार. सहावीत असताना तिथल्या तलवारी आणि बंदुका बघून आम्ही डबे खाल्ले आणि परत आलो. हे संस्थान मांडीवर दिलेल्या एका मुलापासून सुरू झालं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर माझं लक्ष डब्याकडे होतं.

गोष्ट १७०७ सालची. औरंगजेब मेल्यावर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत येत होते. वाटेत, आजच्या मराठवाड्यातल्या पारद गावी लढाई झाली. गावचा पाटील लोखंडे त्यात मारला गेला. त्याची विधवा आपलं लहान मूल, राणोजी, घेऊन आली आणि तिने ते शाहूंच्या समोर ठेवलं. नवरा ज्याच्या फौजेशी लढताना मेला, त्याच्याच पुढ्यात. शाहूंनी मूल उचलून घेतलं. फत्ते झाली होती म्हणून त्याचं नाव फत्तेसिंह ठेवलं आणि आडनाव दिलं भोसले. साताऱ्यात विरूबाईंनी त्याला मुलासारखं वाढवलं. पुढे त्याला अक्कलकोटचा मुलूख मिळाला.

ही गोष्ट मी जिथे जिथे वाचली, तिथे त्या बाईचा उल्लेख 'पाटलाची विधवा' एवढाच आहे. मुलाची दोन्ही नावं मिळतात, बापाचं आडनाव मिळतं. मूल देणारीचं नाव मला एकदाही सापडलं नाही.

मग मी राजांची यादी काढली. फत्तेसिंह, शहाजी, फत्तेसिंह, मालोजी, शहाजी, मालोजी, शहाजी, फत्तेसिंह, विजयसिंह. नऊ पिढ्यांची नावं. शहाजी आणि मालोजी ही शिवाजी महाराजांच्या वडिलांची आणि आजोबांची नावं. म्हणजे लोखंड्यांच्या पोराला फक्त आडनाव मिळालं नव्हतं. पूर्वजही मिळाले होते, आणि पुढच्या पिढ्यांनी ते पुन्हा पुन्हा वापरले.

मी कोड लिहिते. लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक खाना फक्त पुढच्या खान्याचा पत्ता बाळगतो. तो पत्ता तिथे कसा आला, याच्याशी यादीला काही देणंघेणं नसतं; पत्ता बरोबर असला की यादी चालते. वंशावळही बहुधा अशीच चालते. एखादा दिवस असा येतो, की कुणीतरी मधल्या एका कडीवर बोट ठेवून विचारतं, हा इथे आला कुठून?

*

तो दिवस कधी येतो, हे मला बघायचं होतं.

फत्तेसिंह शाहूंच्या घरात वाढले, पण साताऱ्याची गादी त्यांना मिळाली नाही. शाहूंना मुलगा नव्हता. अखेरच्या काळात ताराबाईंनी रामराजांना पुढे केलं: हा माझा नातू, लपवून वाढवला होता. १७४९च्या डिसेंबरात शाहू वारले आणि रामराजे गादीवर आले. पण गादीवर बसल्यावर ते ताराबाईंच्या मुठीत राहिले नाहीत. वर्ष सरायच्या आत ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. पुढे १७५२मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथेवर सांगितलं, की हा माझा नातू नाहीच.

माणूस तोच होता. कामाचा होता तोवर रक्ताचा होता, कामाचा उरला नाही तेव्हा परका झाला.

पुढे हेच काम इंग्रजांनी कागदोपत्री केलं. एप्रिल १८४८मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी, म्हणजे अप्पासाहेब, वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल म्हणून आलेल्या डलहौसीने ते दत्तक गादीसाठी मानलं नाही आणि सातारा खालसा केलं. अप्पासाहेबांचे वडील दुसरे शाहू हे स्वतःच रामराजांना दत्तक आलेले होते. पण तेव्हा ती कडी तपासून कंपनीला काही मिळण्यासारखं नव्हतं. १८४८मध्ये अख्खं राज्य मिळणार होतं. सहा वर्षांनी नागपूर आणि झाशीचं तेच झालं.

अक्कलकोट साताऱ्याच्या हाताखालचं होतं. सातारा गेल्यावर ते थेट इंग्रजांच्या हाताखाली आलं आणि टिकलं. दत्तकाच्या पायावर उभं राहिलेलं छोटं संस्थान उरलं, आणि ज्या घराने ते दत्तक घेतलं होतं त्याची गादी दत्तक नाकारून बुडवली गेली. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. बस तेव्हा इंदापूरच्या आसपास असेल.

सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांचं धोरण फिरलं. १८६२मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. मग १८७५मध्ये बडोद्याला नाशिककडच्या कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक गेला, ते सयाजीराव. १८८४मध्ये कागलच्या घाटग्यांचा मुलगा कोल्हापूरला दत्तक गेला, ते राजर्षी शाहू. आपण ज्यांच्या जयंत्या साजऱ्या करतो, त्या दोघांनाही तेव्हा कुणी 'रक्ताचा नाही' म्हणून परत पाठवलं असतं तर? १८९६मध्ये अक्कलकोटचे राजे वारले, मुलगा नव्हता, तेव्हा पुन्हा बाहेरून एक लहान मुलगा आणून गादीवर बसवला. नाव ठेवलं फत्तेसिंह. मूळ नावाकडे परत.

*

आमच्या टीममध्ये एक जण घानाचा आहे, केप कोस्टचा. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या फांटी लोकांपैकी. तो तिकडून काम करतो, मी पुण्यातून. पप्पा गेल्यावर महिनाभराने एका कॉलनंतर त्याने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी सहज जमिनीचं सांगितलं आणि मग सगळंच सांगितलं. पप्पांना त्यांच्या आईने सख्ख्या बहिणीला दिलं होतं, हे ऐकून तो थांबला.

"मग त्यात दिलं काय?" तो म्हणाला. "आमच्याकडे आईची बहीण ही आईच. तो तिचा मुलगा होताच."

त्यांच्याकडे कूळ आईकडून चालतं. त्याला ते अबुसुआ म्हणतात. मुखियाची गादी मुलाला जात नाही; भावाला जाते, नाहीतर बहिणीच्या मुलाला. आपण गादी म्हणतो, ते स्टूल म्हणतात, लाकडी आसन. त्यावर कोण बसणार हे सुचवण्याचा मान कुळातल्या एका ज्येष्ठ बाईचा असतो, तिला राजमाता म्हणूया. तिने नाव घ्यायचं, बाकीच्यांनी ते मान्य करायचं किंवा दुसरं मागायचं. बसवलेला माणूस नीट वागला नाही तर त्याला आसनावरून उतरवताही येतं.

मला हे फारच सुंदर वाटलं आणि मी तसं बोलून दाखवलं. तो हसला. म्हणाला, "माझे आजोबा गेले तेव्हा त्यांचं घर त्यांच्या बहिणीच्या मुलाला गेलं. आजी आणि तिच्या पोरांनी सामान बाहेर काढलं. बापाच्या घरात मुलं परकी, कारण मुलं आईच्या कुळाची." १९८५मध्ये घाना सरकारने वारसाचा कायदा केला आणि मृत्युपत्र न करता मेलेल्याच्या बायको-मुलांना त्याच्या मिळकतीत ठरलेला वाटा दिला. त्याच्या आजीला तो कायदा उशिरा आला.

म्हणजे रक्त आईकडून मोजा नाहीतर बापाकडून, कुणाचं ना कुणाचं सामान बाहेर येतंच. त्याच्या आजीच्या बाबतीत पोरांचं रक्त चुकीच्या बाजूचं निघालं. आमच्या बाबतीत पप्पांचं.

त्या रात्री इंग्रजांच्या तारखा जुळवताना लक्षात आलं, की १८९६च्या जानेवारीत, म्हणजे अक्कलकोटला दत्तक मान्य झालं त्याच वर्षी, घानाच्या आतल्या भागातल्या असांते राज्याचा राजा प्रेंपे आणि त्याची आई, तिथली राजमाता या अक्या, अशा दोघांनाही इंग्रजांनी पकडून नेलं. एका ठिकाणी मांडीवर घेतलेलं मूल त्यांना चाललं, दुसऱ्या ठिकाणी रीतसर बसलेला राजाही चालला नाही. नियम दोन्हीकडे एकच होता: आमच्या सोयीचं काय.

*

कायदा मात्र मला वाटला होता त्याहून सोपा निघाला. १९५६च्या दत्तक कायद्यानुसार होम झालाच पाहिजे असं नाही. मूल प्रत्यक्ष दिलेलं आणि घेतलेलं असलं पाहिजे. रीतसर झालेलं दत्तक नंतर कुणालाही रद्द करता येत नाही, घेणाऱ्यालाही नाही. आणि वारसा कायद्याप्रमाणे पप्पांच्या मागे आई आणि आम्ही दोघी, तिघींचा सारखा हक्क. आमची सही नसेल तर काका कागदावर काही करू शकत नव्हते.

एक गोष्ट वाचून मात्र मी अडखळले. १९५६च्या मूळ कायद्यात मूल देण्याचा अधिकार बापाचा होता. आईची फक्त संमती लागायची. आईला बरोबरीचा अधिकार मिळाला २०१०च्या दुरुस्तीने. म्हणजे १९६६मध्ये कायद्याच्या लेखी पप्पांना दिलं ते दुधनीच्या आजोबांनी.

एका रविवारी मी सोलापूरहून दुधनीला गेले. आजी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

"काय करलालीस गं पुण्यात?" तिने नेहमीचा प्रश्न विचारला.

"कॉम्प्युटरचं काम, आजी."

मी पण शेंगा फोडायला बसले. बऱ्याच वेळाने विचारलं, "पप्पांना द्यायचं कुणी ठरवलं?"

"कुणी ठरवायचं? मीच दिले. ह्या हातानं." तिने सालांनी भरलेला हात वर केला. "तुझा आजोबा आठ दिवस बोलला नाही माझ्याशी."

"आजीने मागितलं होतं?"

"अक्का कधी मागितली नाही. तिला मागायची पाळी येऊ नये म्हणून दिले."

मला पुढचं विचारायचं होतं, की वाईट नाही वाटलं का. विचारलं नाही. साठ वर्षांनी कुणाच्या ओसरीवर बसून असले प्रश्न विचारायचे नसतात. तीच म्हणाली, "तेराव्याला तो काय बोलला, ते ऐकले मी. कान शाबूत आहेत अजून. मला गावाला घेऊन चल."

*

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो. काकांनी तिला खाटेवर बसवलं, काकूने चहा आणला. आजीने बशीत ओतून चहा संपवला, पदराने तोंड पुसलं आणि काकांना म्हणाली, "तू व्हायच्या आधी तीन वर्षं तो ह्या घरात होता. नऊ वर्षं अक्काची कूस उजवली नव्हती. त्याचा पाय लागला आणि तू झालास. अक्का मरेपर्यंत हेच सांगायची. तुला नाही सांगितली?"

काका खाली बघत होते. सांगितलं असणार. पप्पांच्या पायगुणाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "मावशी, तीस वर्षं मी एकट्याने मातीत घातली. दादा पेरणीलाही आला नाही. बांध कुणी घातले? विहीर कुणी खणली? उद्या ह्या पोरींनी शेत विकलं तर मी कुठं जायचं?"

पहिल्यांदाच ते खरं बोलले होते. तीस वर्षांचा घाम हे सांगण्यासारखं कारण होतं, आणि त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते तेराव्याला सांगितलं असतं तर आईने कदाचित तिथेच मान डोलावली असती. पण घामाचं मागायचं तर हिशेबाला बसावं लागतं, निम्मं त्यांचं निम्मं आमचं म्हणावं लागतं. रक्ताचं काढलं की हिशेबच मिटतो. ताराबाईंनी, डलहौसीने आणि काकांनी एकच शब्द वापरला, कारण तो शब्द एकदा उच्चारला की पुढच्या माणसाला बोलायला जागाच राहत नाही.

आई मग बोलली. तेराव्यानंतर पहिल्यांदाच काकांशी. म्हणाली, "सही आम्ही करणार नाही, भाऊजी. नावं लागतील. पण शेत तुम्हीच करायचं, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय विकायचं नाही, हे पोरी लिहून देतील. पिकातलं काय ते दरवर्षी बसून ठरवू."

काका हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. निघताना त्यांनी तुरीची डाळ पिशवीत भरून गाडीत ठेवली.

*

तलाठ्याकडे अर्ज दिला. वारस नोंदवहीत नोंद झाली, मुदतीत कुणी हरकत घेतली नाही, फेरफार मंजूर झाला. काका हरकत घेतील अशी मला शेवटपर्यंत भीती होती. नवा सातबारा मी पुण्यात ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर उघडला. पप्पांच्या नावाला कंस, आणि खाली आईचं, माझं, बहिणीचं. काकांशी आमचं आता जेवढ्यास तेवढं आहे. यंदा हिशेबाला ते वही घेऊन आले होते. पप्पांसारखीच, लाल कापडी पुठ्ठ्याची.

अक्कलकोटचं संस्थान १९४८मध्ये विलीन झालं. पुढे त्याच घराण्यातल्या निर्मलाराजे भोसले अक्कलकोटमधून विधानसभेवर निवडून गेल्या. लोकांनी मतं दिली. पारदचे लोखंडे की साताऱ्याचे भोसले, हा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता.

दिवाळीत मी दुधनीला गेले तेव्हा आजीला सातबारा वाचून दाखवला. तिला वाचता येत नाही. गट क्रमांकापासून सगळं वाचायला लावलं. पप्पांचं नाव आलं तेव्हा तिने पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. पप्पांचं नाव, त्यापुढे आमच्या आजोबांचं नाव, आमचं आडनाव.

"माझं नाव नाही ना कुठं?" तिने विचारलं.

"नाही आजी."

"बरं आहे," ती म्हणाली, आणि शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली.